यूकेत राहताय? व्हिटॅमिन डी कडे लक्ष द्या

इकडे नवीन आलेल्या आपल्या मंडळींचं अंग दुखायला लागलं, सारखा थकवा यायला लागला की सगळे थंडीवर ढकलतात, पण एकदा जीपीला म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला सांगून व्हिटॅमिन डी तपासून घ्याच. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथल्या उन्हातून ते अंगात जवळपास तयारच होत नाही, आणि खिडकीशी बसून ऊन खाल्लं तरी उपयोग नाही कारण काच नेमके तेच किरण अडवते. आपल्या सावळ्या कातडीला ऊन जास्त लागतं, म्हणून दक्षिण आशियाई लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट घ्यायचा विचार करावा असं एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा सांगते. गोळ्या सुपरमार्केटात स्वस्तात मिळतात, जेवणानंतर घेतलेल्या बऱ्या.

आता महत्त्वाचं, आई बॅगेत भरून देते ती ६०,००० युनिटची पुडी! ती डॉक्टरांनी सांगितली तरच, बहुतेकदा आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवडेच घ्यायची असते, रोज दुधात घालून पिऊ नका प्लीज, रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होऊ शकतो.

शाकाहारी असाल तर डबीवर वाचा, डी३ (गोळ्यांमधला व्हिटॅमिन डीचा नेहमीचा प्रकार) बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात, लायकेनपासून (आपल्या दगडफुलाच्या जातीचं) बनवलेलं पण मिळतं.