पर्यटनावर उभे असलेले अर्थकारण कसे तपासावे: मालदीवचा दाखला

एखाद्या देशाने पर्यटनाला आर्थिक विकासाचे मुख्य साधन मानले, की यशाचा पहिला पुरावा म्हणून पर्यटकांची संख्या पुढे केली जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने किंवा पत्रकाराने तपासणीची सुरुवात तेथून करू नये. जगात सर्वाधिक परदेशी पर्यटक फ्रान्समध्ये जातात, पण पर्यटनातून सर्वाधिक परकीय चलन अमेरिका मिळवते. खरा प्रश्न असा असतो की, पर्यटकाने खर्च केलेल्या पैशातून देशात किती उरले आणि ते कोणाच्या हाती पडले. हा हिशेब शिकण्यासाठी मालदीव फार सोयीचा आहे. सुमारे पाच लाख वस्तीच्या या देशात १९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट सुरू झाले, २०११ मध्ये तो अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला आणि मासेमारी वगळता दुसऱ्या मोठ्या उद्योगाची तेथे सरमिसळ नाही.

प्रथम पर्यटकसंख्येचे रूपांतर मुक्कामाच्या रात्रींमध्ये करावे. मालदीवमध्ये २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. सरासरी मुक्काम सात-आठ दिवसांचा धरला, तर सुमारे दीड कोटी रात्री होतात. त्यानंतर मध्यवर्ती बँकेच्या व्यवहारतोलाच्या, म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या देवघेवीच्या, तक्त्यात चालू खात्यातील ‘प्रवास’ या शीर्षकाखालची जमेची रक्कम शोधावी आणि तिला रात्रींच्या संख्येने भागावे. हा आकडा दहा वर्षे स्थिर असेल किंवा घसरत असेल, तर गर्दी वाढूनही उत्पन्नाची प्रत सुधारलेली नाही असे समजावे. राष्ट्रीय उत्पन्नातील पर्यटनाचा वाटा वाचताना तो फक्त प्रत्यक्ष पर्यटन व्यवसायांचा आहे की त्यांना माल पुरवणाऱ्यांसारखे अप्रत्यक्ष परिणामही धरून सांगितलेला आहे, हे आवर्जून पाहावे. उद्योगाच्या संघटना सहसा दुसरा, म्हणजे मोठा आकडा छापतात.

सर्वाधिक वेळ द्यावा तो गळतीला, म्हणजे पर्यटकाने खर्च केलेल्या पैशातून देशाबाहेर जाणाऱ्या भागाला. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये ताटात येणारी मासळी बहुधा स्थानिक असते; धान्य, भाजी, मांस, फर्निचर, बांधकामाचे साहित्य आणि जनित्रासाठी लागणारे डिझेल मात्र जहाजाने येते. परदेशी हॉटेल कंपनीचे व्यवस्थापन शुल्क, परदेशी कर्मचाऱ्यांनी घरी पाठवलेला पगार आणि आरक्षण करणाऱ्या मध्यस्थाने पाहुणा निघण्यापूर्वीच परदेशात कापून घेतलेले कमिशन, ही रक्कम तर देशात टिकत नाही किंवा पोहोचतच नाही. म्हणून आयातीचा तक्ता, बाहेर जाणारे वेतन आणि बाहेर जाणारा नफा हे तिन्ही ‘प्रवास’ शीर्षकाखालच्या जमेच्या शेजारी मांडावेत आणि तिच्यातून वजा करून निव्वळ जमा काढावी. गळती किती गंभीर आहे याची खूण धोरणातही सापडते: पर्यटनातून एवढे डॉलर मिळवणाऱ्या या देशात डॉलरचीच चणचण होती, आणि २०२४ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेला पर्यटन व्यवसायांच्या परकीय चलनाचा ठरावीक भाग देशातील बँकांत बदलून घेणे बंधनकारक करावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताशी ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांचा चलन-अदलाबदल करार, म्हणजे आपले चलन देऊन तात्पुरते दुसरे चलन घेण्याची सोय, झाला.

गळती पूर्णपणे थांबवता येत नाही, तेव्हा पैसा बाहेर जाण्यापूर्वी सरकार त्यातून किती काढून घेते ते पाहावे. येथे दराइतकीच कराची रचना महत्त्वाची असते. मालदीवमध्ये पूर्वी दर खाटेमागे रात्रीला आठ डॉलरचा ठोक कर होता. खोलीचे भाडे शंभर डॉलर असो वा हजार, सरकारला आठच डॉलर मिळत. २०११ पासून बिलाच्या प्रमाणात वस्तू व सेवा कर आला. साडेतीन टक्क्यांपासून चढत तो जुलै २०२५ मध्ये सतरा टक्क्यांवर गेला. रिसॉर्टमधील प्रत्येक पाहुण्यामागे रात्रीला घेतला जाणारा हरित कर जानेवारी २०२५ पासून सहाऐवजी बारा डॉलर झाला, म्हणजे आठ रात्रींच्या मुक्कामावर तो शहाण्णव डॉलर होतो. माझ्या मते पर्यटक कमी होण्याच्या धास्तीने कर टाळणाऱ्या देशांनी ही चढण बारकाईने अभ्यासावी.

लाभ कोणाला झाला, हे सरासरी उत्पन्नावरून कळत नाही. एका निर्जन बेटावर एकच रिसॉर्ट, अशा ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ पद्धतीमुळे पर्यटक आणि स्थानिक वस्ती अनेक दशके एकमेकांपासून दूर राहिली. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर अतिथीगृहांना परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या बेटांवर नाववाला, स्वयंपाकी, दुकानदार यांच्यापर्यंत पैसा थेट पोहोचू लागला. दर रात्रीचा खर्च येथे कमी असतो, पण त्यातला स्थानिक वाटा मोठा असण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही प्रकारच्या मुक्कामांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गात मालवण-तारकर्लीची घरगुती निवास-न्याहारी आणि मोठी हॉटेले यांची तुलनाही याच रीतीने करता येईल.

पुढची कसोटी धक्क्याची. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मालदीवचे उत्पन्न आक्रसले. २०२० मध्ये सीमा काही महिने बंद राहिल्या आणि ते सुमारे एक तृतीयांशाने घटले. श्रीलंकेत २०१९ चे ईस्टर बॉम्बस्फोट आणि पाठोपाठची महासाथ यांनी परकीय चलनाचा हा स्रोत आटवला, आणि २०२२ च्या कर्जथकितीमागील कारणांत त्याचीही गणना होते. यासाठी पहिल्या तीन देशांतून येणाऱ्या पर्यटकांचा एकत्रित वाटा दरवर्षी काढावा. मालदीवमध्ये २०२३ मध्ये भारतीय पर्यटक पहिल्या क्रमांकावर होते. जानेवारी २०२४ मध्ये भारताशी झालेल्या राजनैतिक वादानंतर त्यांची संख्या घसरली, चीन पुढे आला आणि एकूण संख्या तरीही वाढली. एका देशावरचे अवलंबन किती महागात पडू शकले असते, हे त्यातून मोजता येते.

शेवटी कर्ज वजा करावे. विमानतळाचे विस्तार, पूल, बंदरे पर्यटनासाठी म्हणून बांधली जातात, पण त्यांचे व्याज ‘प्रवास’ शीर्षकाखाली दिसत नाही. ते त्याच तक्त्यात ‘प्राथमिक उत्पन्न’ (व्याज, नफा, वेतन यांची देवघेव) या शीर्षकाखाली जाते. मालदीवच्या वेलाना विमानतळाचे नवे टर्मिनल वर्षाला ७५ लाख प्रवाशांच्या क्षमतेचे आहे आणि जुलै २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. अशा प्रकल्पाच्या परतफेडीचे वेळापत्रक मिळवून वर काढलेल्या निव्वळ जमेशी वर्षानुवर्षे जुळवावे, आणि ज्या वर्षी परतफेड जमेच्या पुढे जाते त्या वर्षावर खूण करून ठेवावी.