मायक्रोफोन अ‍ॅरेने आवाज वेगळे करताना या चुका टाळा

चार माणसं एकाच वेळी बोलताहेत, मायक्रोफोनही चार आहेत (असा मायक्रोफोनचा संच म्हणजे अ‍ॅरे), अल्गोरिदम नावाजलेला आहे. तरीही प्रत्येक आउटपुटमध्ये सगळ्यांचे आवाज मिसळलेलेच. अशा वेळी बहुतेक जण लगेच दुसरा अल्गोरिदम शोधायला लागतात. माझं ठाम मत आहे की आधी रेकॉर्डिंग तपासावं. एकच आवाज वेगवेगळ्या मायक्रोफोनपर्यंत किंचित पुढेमागे पोहोचतो, आणि आवाज वेगळे करण्याचं बहुतेक गणित या फरकावरच उभं असतं. तो फरक रेकॉर्डिंगमध्येच बिघडला, तर पुढचं सूत्र कितीही चांगलं असलं तरी हतबल होतं.

वेगवेगळ्या घड्याळांवर चालणारे रेकॉर्डर

दोन मोबाइल ठेवून रेकॉर्ड करायचं आणि नंतर ट्रॅक जुळवायचे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. 16 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला (सेकंदाला आवाजाच्या 16,000 नोंदी) एक सॅम्पल म्हणजे 62.5 मायक्रोसेकंद, तेवढ्यात आवाज सुमारे 2 सेंटिमीटर पुढे जातो. दोन उपकरणांच्या घड्याळांत दहा लाखांमागे 20 सॅम्पलचा फरक असला, तर 10 मिनिटांत 12 मिलिसेकंदांची घसरण होते. अंतराच्या हिशेबात ती 4 मीटरहून जास्त भरते! सुरुवातीला टाळी वाजवून ट्रॅक जुळवले तरी शेवटी ते सुटलेले असतात. सगळे मायक्रोफोन एकाच मल्टिचॅनेल ऑडिओ इंटरफेसला जोडा. ते शक्यच नसेल, तर एकाच जागेवरून सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा, दोन्ही ट्रॅकमधलं टाळ्यांचं अंतर मोजा आणि त्या प्रमाणात एक ट्रॅक रिसॅम्पल करा, म्हणजे किंचित ताणा किंवा आकसवा.

ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन बंद ठेवा, एमपीथ्रीऐवजी वेव्ह फाइल घ्या, पातळी क्लिप होऊ देऊ नका, म्हणजे आवाज इतका मोठा नको की लहरींची टोकं कापली जातील. तपासणी सोपी आहे: एका जागी बसून एकच माणूस बोलत असताना दोन चॅनेलमधल्या क्रॉस-कोरिलेशनचं (एक ट्रॅक किती सरकवला की दुसऱ्याशी सर्वांत जास्त जुळतो, याचं माप) शिखर जागचं हलता कामा नये.

मायक्रोफोनमधलं अंतर

बीमफॉर्मिंगसाठी (ठरावीक दिशेचा आवाज उचलून बाकीचे दाबण्यासाठी) हे अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त नको. 8 किलोहर्ट्झपर्यंत जायचं असेल तर ते साधारण 2 सेंटिमीटर येतं. मायक्रोफोन 20 सेंटिमीटरवर बसवले, तर सुमारे 860 हर्ट्झच्या वर भलत्याच दिशेचा आवाजही बीममध्ये शिरू शकतो. उलट फार जवळ ठेवले तर खालच्या पट्टीत फरकच उरत नाही. म्हणून असमान अंतरं ठेवणं शहाणपणाचं.

आवाज वेगळे झाले, पण तुकड्यातुकड्यांत

फ्रिक्वेन्सी डोमेनमधलं आयसीए (स्रोत एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून मिश्रण सोडवणारी पद्धत) प्रत्येक फ्रिक्वेन्सी स्वतंत्रपणे सोडवतं. कोणता आवाज पहिला आणि कोणता दुसरा, हे त्याला ठाऊक नसतं. मग एका माणसाचा खालचा सूर पहिल्या आउटपुटमध्ये आणि वरचा दुसऱ्यात, असं होतं. दोन्ही आवाज पोकळ वाटतात आणि मधूनमधून अदलाबदल झाल्यासारखी वाटते. अनेकांना वाटतं की गणित कन्व्हर्ज झालं नाही, म्हणजे उत्तरावर स्थिरावलं नाही, म्हणून ते इटरेशन (गणिताच्या फेऱ्या) वाढवत बसतात. त्याने काहीही होत नाही, कारण प्रत्येक फ्रिक्वेन्सीचं उत्तर आपापल्या जागी बरोबरच असतं. चुकलेला असतो तो क्रम. 2006 पासून पुढे आलेलं आयव्हीए (आयसीएचंच विस्तारित रूप) एका स्रोताच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र धरतं, त्यामुळे हा घोळ बराच आटोक्यात येतो. माझा सल्ला: सुरुवातच आयव्हीए किंवा आयएलआरएमएने (आयव्हीएच्याच धर्तीची पुढची पद्धत) करा. आयसीएला मूळ पातळीही कळत नाही, म्हणून शेवटी आउटपुट एका संदर्भ मायक्रोफोनवर परत प्रोजेक्ट करा. नाहीतर आवाजाचा पोतच बदलतो.

खोली घुमणारी असेल तर 32 मिलिसेकंदांची विंडो (एका वेळी विश्लेषणाला घेतलेला आवाजाचा तुकडा) अपुरी पडते, कारण प्रतिध्वनी विंडोबाहेर सांडतो. ती खूप लांब केली तर छोट्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेम (असे तुकडे) कमी पडतात आणि अंदाज डळमळतो. 16 किलोहर्ट्झला 2048 ते 4096 सॅम्पलपासून सुरुवात करा आणि आधी डब्ल्यूपीई या प्रतिध्वनी काढण्याच्या पद्धतीने प्रतिध्वनी कमी करून पाहा.

एमव्हीडीआर (हव्या दिशेचा आवाज राखून बाकी गोंगाट कमीत कमी करणारा बीमफॉर्मर) वापरताना हवा तोच आवाज दबला, तर दिशेचा अंदाज चुकलाय. फिल्टर त्या आवाजालाच गोंगाट समजून कापतोय. गोंगाटाचं कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (मायक्रोफोनांमधला गोंगाट एकमेकांशी कसा निगडित आहे याचा तक्ता) हवा असलेला माणूस गप्प असतानाच्या भागावरून काढा, आणि त्याच्या कर्णावर थोडं लोडिंग द्या, म्हणजे तिथल्या आकड्यांत छोटी संख्या मिळवा.

स्रोत मायक्रोफोनपेक्षा जास्त असतील, तर साधं डीमिक्सिंग (चॅनेल ठरावीक प्रमाणात मिसळून आवाज वेगळे करणं) पुरत नाही. टाइम-फ्रिक्वेन्सी मास्क लागतो, म्हणजे प्रत्येक क्षणी प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा किती भाग ठेवायचा ते ठरवणारी चाळणी. पण मास्क अतिरेकी झाला की पाण्याखालून यावा तसा किणकिणता आवाज येतो. एकट्या एसडीआरकडे (एकूण बिघाडाचं माप) पाहिलं तर नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. एसआयआर (इतर आवाज किती कमी झाले) वाढलाय आणि एसएआर (प्रक्रियेने आणलेला कृत्रिम बिघाड किती कमी) घसरलाय असं दिसलं, तर मास्कची कमाल दडपणी कमी करा, थोडी गळती राहू द्या आणि हेडफोन लावून पुन्हा ऐका.