आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी पाचवी ते आठवीच्या मुलांचा अभ्यास घरी कसा घ्यावा

पालकसभेला एक वाक्य दर वर्षी ऐकते. "बाई, आमचं शिक्षण सातवीपर्यंत. ह्याचं गणित इंग्लिशमधनं. आम्ही काय सांगणार त्याला?" मी सांगली जिल्ह्यात, तासगावच्या बाजूला, सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. सांगणाऱ्या आईच्या हाताला बहुतेक वेळा द्राक्षाच्या काडीचा चिकटा असतो, बागेतून थेट सभेला आलेली असते. तिला मी म्हणते, तुम्ही सांगूच नका. तुम्ही विचारा, सांगायचं काम त्याचं. मुलाला खरंच समजलंय का, हे त्याला दुसऱ्याला समजावून सांगावं लागतं तेव्हाच कळतं, आणि घरात समजावून घ्यायला आईबापांइतकं हक्काचं माणूस नाही.

पुढं लिहिलेलं सगळं घरातल्या वस्तूंवर चालतं. मोबाईल लागत नाही. शंभर पानी वही, पेन्सिल, जुन्या लग्नपत्रिका आणि कपडे वाळत घालायचे चार चिमटे एवढं जमवा.

आधी मूल कुठं आहे ते बघा

सातवीतलं मूल सातवीचंच गणित करू शकतं असं धरून चालू नका. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी द्या. ४०२ मधून १६७ वजा करायला सांगा, आणि तिसरीच्या इंग्रजी पुस्तकातल्या पाच ओळी मोठ्यानं वाचायला सांगा. उत्तर २३५ यायला हवं. मधल्या शून्यापाशी हातचा घेताना गडबड झाली, तर टक्केवारी आणि समीकरणं सध्या बाजूला ठेवा. शंभराच्या, दहाच्या नोटा आणि सुटे रुपये मांडून आठवडाभर वजाबाकीच करा. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्यायच्या, त्यातली एक मोडून दहा सुटे. हातचा म्हणजे हेच मोडणं. मागं जायची लाज वाटून घेऊ नका आणि मुलालाही वाटू देऊ नका.

वेळ ठरलेली असावी. आमच्याकडे डेअरीला दूध घालून आल्यावर, जेवणाआधी, वीस-पंचवीस मिनिटं बऱ्याच घरांना जमतात. रविवारी सुट्टी.

दुधाच्या पावतीवरचं गणित

डेअरीच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि रक्कम असते. दशांश अपूर्णांकांसाठी ह्याच्याहून चांगला धडा मला अजून सापडलेला नाही, कारण इथं चूक झाली तर घरचे पैसे चुकतात आणि मुलाला ते लगेच पटतं.

रक्कम बोटानं झाका. समजा दूध ४.६ लिटर आणि दर ३४ रुपये. गुणाकाराआधी अंदाज विचारा, "किती होतील रं साधारण?" साडेचार चौतीस म्हणजे १३६ आणि १७, एकूण १५३. मग वहीत गुणाकार करू द्या, १५६.४० येईल. ज्याचा दशांश चिन्ह चुकतो, त्याचं उत्तर १५.६४ नाहीतर १५६४ येतं. अंदाज आधी काढलेला असला की चूक त्याची त्यालाच दिसते, तुम्हाला बोलावं लागत नाही. म्हणून अंदाज चुकवू नका, गुणाकार एखाद्या दिवशी राहिला तरी चालेल.

दहा दिवसांच्या पावत्या साठल्या की बेरीज करून डेअरीच्या बिलाशी ताळा घ्या, रोजची सरासरी काढा. आठवीच्या मुलाला पुढचा प्रश्न घाला. फॅट ३.८ म्हणजे शंभर ग्रॅम दुधात ३.८ ग्रॅम, तर पाच किलो दुधात किती? १९० ग्रॅम. टक्केवारीची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

ज्यांच्याकडे जनावरं नाहीत त्यांनी विजेचं बिल घ्यावं. चालू रीडिंगमधून मागचं रीडिंग वजा केलं की युनिट निघतात.

आजोबांची पाऊणकी

वर्गातला एक अनुभव सांगते. सेमीच्या, म्हणजे गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या, मुलांना फळ्यावर पाऊणचा अपूर्णांक लिहून विचारला की 'थ्री बाय फोर' असं खणखणीत उत्तर येतं. त्याच मुलाला साठ रुपये किलोची पाऊण किलो वांगी किती रुपयांची विचारलं की तो वहीकडे बघतो. दोन्ही एकच, हे कुणी जोडूनच दिलेलं नसतं. ते घरात जोडता येतं, आणि घरात आजी-आजोबा असतील तर फारच छान.

जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी येत असे. हे अपूर्णांकांचे पाढे. पाऊणकीत एकावर पाऊण, दोनावर दीड, तीनावर सव्वादोन, चारावर तीन. आजोबांना येत असेल तेवढी म्हणायला सांगा. मुलानं ती ऐकत वहीत अपूर्णांकात लिहायची आणि प्रत्येक ओळ गुणाकार करून तपासायची. आजोबांना मधेच आठवलं नाही तर पुढची ओळ मुलानं काढायची. एका घरात ह्या खेळाला नातवापेक्षा आजोबाच वेळेवर हजर असतात, असं मला त्या घरच्या सूनबाईंनी सांगितलं.

बाजाराच्या दिवशी पिशवीबरोबर मुलालाही न्या. ६० रुपये किलो असेल तर पाव किलोचे १५, पाऊणचे ४५, सव्वाचे ७५, दीडचे ९०. भाजीवाल्याच्या आधी त्यानं सांगायचं.

एकोणसाठ की एकोणसत्तर?

पाढ्यांइतकीच दुसरी अडचण संख्या ऐकून लिहिण्याची. मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो, म्हणून लहान मुलं ७२ लिहून बसतात. इंग्रजीत 'ट्वेंटी सेव्हन' म्हणताना वीस आधी, सात नंतर, अगदी लिहितो त्या क्रमानं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशा धर्तीवर संख्या म्हणायला दिल्या, तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. माझं मत असं की आपली संख्यानावं सोडायची गरज नाही, दोन्ही भाषा समोरासमोर ठेवल्या की काम होतं.

एकानं मराठीत संख्या म्हणायची, दुसऱ्यानं इंग्रजीत म्हणून अंकात लिहायची. 'एकोण'वाल्या संख्या मुद्दाम घ्या. १९, २९, ३९ पासून ८९ पर्यंत त्या आठ आहेत. एकोण म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी, एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी, म्हणून ६९, 'सिक्स्टी नाईन'. नव्व्याण्णव तेवढा ह्या रांगेत बसत नाही. पाच मिनिटांचा खेळ, भाकरी थापतानाही होतो.

दोरीनं गुंठा मोजा

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. ३३ फुटांची दोरी कापून अंगणात किंवा खळ्यावर चौकोन आखा. क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट.

आता विचारा, दोन गुंठ्यांना दोरी केवढी? जवळजवळ प्रत्येक मूल दोन्ही बाजू दुप्पट करून ६६ बाय ६६ सांगतं. नाही म्हणू नका, आखायला लावा. त्यात आधीचा चौकोन चार वेळा बसतो हे त्याला स्वतःला दिसू द्या. दोन गुंठे म्हणजे ६६ बाय ३३. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, ही गोष्ट आठवीपर्यंत नुसत्या सूत्रानं कळत नाही, पायाखाली घेतली की कळते.

मग सातबारा काढा. तिथं हेक्टर आणि आर असतात. शंभर आरांचा हेक्टर, आणि गुंठा एका आरापेक्षा किंचित मोठा. उताऱ्यावर ८१ आर असेल तर घरात त्याला आपण दोन एकर का म्हणतो, हे मुलाला शोधू द्या.

खताच्या पोत्यावरचे आकडेही कामाचे. १०:२६:२६ लिहिलेल्या ५० किलोच्या पोत्यात नत्र पाच किलो, स्फुरद आणि पालाश तेरा-तेरा किलो. पोतं लांबून वाचायचं. औषधांच्या बाटल्या आणि डबे मात्र, रिकामे असले तरी, ह्या अभ्यासात आणायचे नाहीत.

इंग्रजी वाक्य: लग्नपत्रिका आणि चिमटा

आपल्या मुलांना इंग्रजी शब्द बरेच येतात, वाक्य येत नाही. कारण साधं आहे. मराठीत क्रियापद शेवटी बसतं, इंग्रजीत मधे. 'आई भाकरी करते', पण 'मदर मेक्स भाकरी'.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची कार्डं कापा. एका गठ्ठ्यावर कोण (आय, यू, माय मदर, द बॉईज), दुसऱ्यावर काय करतं (मेक, ईट, प्ले, रीड), तिसऱ्यावर काय किंवा कुठं. प्रत्येक कार्डामागं मराठी लिहा. आधी मराठी बाजूनं वाक्य लावायचं, मग शेवटचं क्रियापदाचं कार्ड उचलून मधे आणायचं आणि तिन्ही उलटायची. हातानं कार्ड हलतं तेव्हा डोक्यातही हलतं, हे मी शेकडो मुलांत बघितलंय.

आता चिमटा. एका चिमट्यावर 'एस' लिहा. करणारी व्यक्ती तो, ती किंवा एकटं कुणीतरी असेल, तर क्रियापदाला चिमटा लावायचा. मी, तू किंवा पुष्कळ जण असतील तर काढायचा. प्रश्न विचारायचा असेल तर पुढं 'डू'चं कार्ड येतं आणि चिमटा क्रियापदावरून निघून त्याच्यावर जातो, 'डू'चं 'डज' होतं. 'डज युवर मदर मेक भाकरी?' चिमटा एकच असल्यामुळं 'डज मेक्स' होऊच शकत नाही. वर्षानुवर्षं लाल पेननं दुरुस्त करूनही न सुटणारी ही चूक चिमट्यानं सुटते.

तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर कार्डं मुद्दाम चुकीची लावा आणि बरोबर आहे का विचारा. आईची चूक काढायला मूल किती मन लावून बसतं ते बघा.

मोठ्यानं वाचन

रोज पाच ओळी. मुलानं शब्दाखाली बोट सरकवत वाचायचं, तुम्ही शेजारी बसायचं. जिथं अडलं तिथं पेन्सिलीचा ठिपका द्या, मधे तोडू नका. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचं आणि त्यानं दोन वाक्यांत मराठीत सांगायचं. पुष्कळ मुलं घडाघडा वाचतात आणि अर्थ विचारला की गप्प होतात, ते इथं उघडं पडतं. ठिपक्याचे शब्द दुसऱ्या दिवशी आधी. शब्दकोश घरात एक असू द्या.

उच्चारात एक मदत आपली मराठीच करते. आपल्याकडे 'जरा'मधला ज वेगळा आणि 'जीव'मधला ज वेगळा. 'झू' आणि 'झीरो' म्हणताना 'जरा'मधल्या जजवळचा आवाज, 'जॅम' आणि 'जून' म्हणताना 'जीव'मधला. एवढं सांगितलं की पोरं हसत हसत बरोबर म्हणतात.

पावसाळ्यात कृष्णेचा आलेख

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी वर्तमानपत्रात येते. १९२९ पासून उभा असलेला हा पूल आपल्या सगळ्यांची मोजपट्टी आहे. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

वहीत रोजची पातळी लिहून आलेख काढा. पहिला सापळा फूट-इंचांचा. ३८ फूट ९ इंच हे मुलं ३८.९ लिहितात. फुटाचे बारा इंच, नऊ इंच म्हणजे पाऊण फूट, म्हणून ३८.७५. पाऊणकी इथं पुन्हा भेटते. समजा काल ३६ फूट ३ इंच होतं आणि आज ३८ फूट ९ इंच. चोवीस तासांत तीस इंच, तासाला सव्वा इंच. ह्याच वेगानं ४० फूट व्हायला पंधरा इंच, म्हणजे बारा तास. आठवीच्या मुलाला विचारा, पाणी खरंच ह्याच वेगानं चढेल का? कोयनेतून किती सोडलं, वर पाऊस किती, कऱ्हाडच्या संगमापासून पाणी इथं यायला वेळ किती, असं बोलणं आपोआप निघतं.

मग आलेख इंग्रजीत वाचायचा. 'ऑन मंडे द वॉटर वॉज ॲट थर्टी एट फीट.' रोज एकच वाक्य, पण पूर्ण. ज्या घरांत पाणी शिरलं होतं, तिथल्या मुलांना भिंतीवरची खूण मोजू द्या, पण त्यांची इच्छा असेल तरच. काहींना अजून ते बोलायला जड जातं.

ज्या दिवशी जमत नाही

बेदाणा शेडवर काम असतं, पाहुणे येतात, लाईट जाते. त्या दिवशी बिस्किटाच्या पुड्यावरचे चार इंग्रजी शब्द वाचले तरी पुरे. मिरज जंक्शनला गेलात तर फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव वेगवेगळ्या लिप्यांत आणि समुद्रसपाटीपासूनची उंची असते, ती वहीत उतरवून घ्या. पुढच्या प्रवासात दुसऱ्या स्टेशनची, मग वजाबाकी.

उत्तर चुकलं तर "कसं काढलंस ते सांग" एवढंच म्हणा. चुलत भावाचे मार्क मधे आणू नका. आणि उत्तर बरोबर आलं तरीही तेच विचारा, नाहीतर विचारलं म्हणजे चुकलंच असं मुलं धरून बसतात.

पंधरा दिवसांनी वही शाळेत पाठवा. ठिपक्यांचे शब्द आणि खोडलेली गणितं तशीच राहू द्या, घरी फेअर करून घेऊ नका. कुठं अडतंय हे मला त्या खोडाखोडीतूनच कळतं.