केमो चालू असताना हिंडतं-फिरतं कसं राहायचं?

आईची कॅन्सरसाठी केमो सुरू झाली तेव्हा आम्ही मायेपोटी एक चूक केली. तिला पलंगावरून उठूच दिलं नाही. तिसऱ्या डोसपर्यंत तिला एक जिना चढतानाही धाप लागू लागली. औषधांचा थकवा होताच, पण पडून राहून पायांतली ताकदही गेली होती. उपचारांच्या काळात झेपेल तेवढी हालचाल ठेवली तर हा थकवा कमी होतो, हे आम्हाला फिजिओथेरपिस्टनी सांगितलं तेव्हा कळलं.

सुरुवात डॉक्टरांना विचारून करा. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट किती आहेत? हाडांत आजार आहे का? पिक लाईन (औषध देण्यासाठी दंडाच्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर त्या हाताने किती वजन उचलायचं? प्लेटलेट कमी असताना रक्त लवकर थांबत नाही, म्हणून पडणं, खरचटणं महागात पडतं.

मग भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. डोसच्या तारखेला गोल करा आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या चौकटीत शिसपेन्सिलीने एक आकडा लिहा. थकवा अजिबात नाही तर ०, उठवतच नाही तर १०. आईचे डोस तीन आठवड्यांनी असत. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी आठ-नऊ, पुढे उतार, तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन. दोन डोसांनंतर हे इतकं स्पष्ट दिसलं, की बाहेरचे सगळे बेत आम्ही तिसऱ्या आठवड्यात ढकलले. बऱ्याच केमोंमध्ये ७ ते १४ दिवसांच्या सुमारास जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, त्यामुळे तेव्हा गर्दी नकोच.

चालणं घरातूनच सुरू करा, पाच-पाच मिनिटं. नंतर सोसायटीचं आवार, मग जवळची बाग, आमच्या पुण्यात सारसबाग किंवा कमला नेहरू पार्क. टेकडीची घाई करू नका. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग ठेवा. किती झेपलं हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं: अंग गळून गेलं असेल तर वेळ निम्मी करा. हळूहळू आठवड्यातून तीनदा अर्धा तास जमलं तर उत्तम, तोही दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून चालतो. पायांना मुंग्या येत असतील तर चपलेऐवजी बूट घाला आणि रात्री तळवे नीट बघा. आपल्याला कळलेलं नसतं, पण जखम झालेली असते.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर फिरणं सोडा, लगेच हॉस्पिटलला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

करमणुकीचं म्हणाल तर माणसाला आधी जे आवडायचं तेच थोडं लहान करून द्या. काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) कमी असताना कुंड्यांची माती उकरणं दुसऱ्याकडे सोपवा, पाणी घालायला हरकत नाही. बालगंधर्वला नाटक बघायचं असेल तर काउंट बरे असताना, डॉक्टरांना विचारून, मास्क लावून आणि कडेची खुर्ची घेऊन, म्हणजे मध्येच उठता येतं.

आणि भेटायला येणाऱ्यांना कामाला लावा. सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, हे फोनवरच सांगा. बाकीच्यांना म्हणा, "बसू नका, आईला खाली एक चक्कर मारून आणा." आमची आत्या दर गुरुवारी साडेपाचला येऊन चपला न काढता दारातूनच हाक मारायची, आणि आई सव्वापाचलाच बूट घालून तयार असायची.