आधी रिकामं जेल करा: दगडी पाल्याचा अर्क तपासताना

पाचवीत असताना वैरण कापताना विळा डाव्या हाताच्या बोटावर बसला. आज्जीनं बांधावरचा दगडी पाला उपटला, तळहातावर चुरगळून रस जखमेवर पिळला आणि पदराची चिंधी बांधली. रक्त थांबलं, आठवड्यात जखम भरली. घरात सगळ्यांनी श्रेय पाल्याला दिलं, मीही दिलं. पुढं कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला लागलो. तिथं एका मॅडमना ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी एवढंच विचारलं, "आणि पाला लावलाच नसता तर किती दिवसांत भरली असती?" माझी बोलतीच बंद झाली.

मी प्राध्यापक नाही. लॅब सांभाळतो, पोरं मामा म्हणतात. एम.फार्म.ची पोरं दरवर्षी कुणी हिरडा, कुणी अडुळसा, कुणी गुळवेल घेऊन येतात. कुणाचं काम कुठं फसतं ते मला बरोबर कळतं, कारण फसलेलं शेवटी मीच धुतो. त्यातलं बहुतेक मॅडमच्या त्या एका प्रश्नापाशीच फसलेलं असतं. म्हणून अर्क काढण्यापासून जखमेवर लावायचं जेल करून तपासण्यापर्यंतचं काम इथं दगडी पाल्यावरच सांगतो.

पाला आधी ओळखा. पांढऱ्या पाकळ्यांच्या टोकाला तीन दाते, मधे पिवळं आणि लांबलचक एकाच दांडीवर फूल. म्हणूनच काही ठिकाणी हिला एकदांडी म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मूळची अमेरिकेतली, आपल्याकडं तण म्हणून पसरलेली, त्यामुळं जुन्या ग्रंथांत शोधत बसू नका. मूळ, पान, फूल असं आख्खं झाड जुन्या पेपरात दाबून वाळवा (पावसाळ्यात पेपर रोज बदला, नाहीतर बुरशी), जागा आणि तारीख लिहा आणि शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागासारख्या ठिकाणी तज्ज्ञाकडून ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या. हे पोतंभर पाला गोळा करण्याआधी करा. पाला दळल्यावर ओळख पटवायला नेलेली पूड बघून तज्ज्ञ फक्त हसतात.

पाला कुठनं घेता हेही महत्त्वाचं. उसाच्या बांधावर तो हमखास मिळतो, पण तिथं टू-फोर-डी किंवा दुसरं तणनाशक मारलेलं असतं. शेतकऱ्याच्या लेखी दगडी पाला म्हणजे तणच की. हायवेच्या कडेचाही नको, धूर आणि धूळ बसलेली असते. जोतिबा-पन्हाळ्याच्या अंगाला पडीक माळ पुष्कळ आहेत, मालकाला विचारून तिथनं घ्या. जुलैत आणलेला पाला आमच्या इथं वाळत नाही, काळा पडतो. पाऊस उघडला की फुलं असताना आणा. पटकन धुवा, सुती कापडावर सावलीत पातळ पसरा. ट्रे ड्रायर असेल तर ४० अंशांच्या वर जाऊ नका. दांडी वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. माझ्या हिशेबानं १ किलो ओल्या पाल्याचा दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम उरतो, तेव्हा अंदाज बांधूनच आणा.

पूड झाली की राखेची परीक्षा घ्या. पोरांना ती कंटाळवाणी वाटते, मला भारी आवडते. वजन केलेल्या मुशीत पूड घालून ४५० अंशांच्या आत पूर्ण जाळायची आणि राख तोलायची. मग ती राख २५ मिलि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ५ मिनिटं उकळायची, राखरहित फिल्टर पेपरमधून गाळायची, वर उरलेलं पुन्हा जाळून तोलायचं. आम्लात न विरघळलेला हा भाग बहुतांशी वाळू-माती. आकडा फुगला तर पाला नीट धुतलेला नाही, किंवा विकणाऱ्यानं मातीसकट तोलून दिलाय. याच टप्प्यावर जड धातूंचा नमुनाही बाहेर पाठवून द्या. शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या मर्यादा पाठच करून टाका.

आता अर्क. नवीन पोरगं आलं की सरळ सॉक्सलेटकडं धावतं, म्हणजे द्रावक उकळवून पुडीतून पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या यंत्राकडं. हे यंत्र फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८७९ साली मांडलं, तेही दुधातलं फॅट काढण्यासाठी. दुधाच्या जिल्ह्यात राहून आम्ही त्यात पालेभाज्या उकळतो, असं मी गमतीनं म्हणतो. पण त्यात अर्क तासन् तास उकळत राहतो आणि उष्णतेनं बिघडणारी द्रव्यं जातात. दगडी पाल्याला साधं भिजवणं पुरतं. १०० ग्रॅम पूड, १ लिटर ७० टक्के इथेनॉल, झाकण घट्ट, तीन दिवस, दिवसातनं चार-पाच वेळा हलवायचं. गाळा, चोथ्यावर पुन्हा ताजं इथेनॉल ओता, दोन्ही गाळ एकत्र करा. रोटरी इव्हॅपोरेटरच्या (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्राच्या) बाथचं पाणी ४०-४५ अंशांवर ठेवून इथेनॉल उडवा. इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, म्हणून कितीजण मिथेनॉल वापरून मोकळे होतात. नुसत्या परखनळीतल्या चाचणीला चालतं. पण पुढं ते जेल कातडीला लावायचं असेल तर मिथेनॉल ३००० पीपीएमच्या वर उरता कामा नये आणि ते मोजून दाखवावं लागतं. परवान्याचे कागद परवडले.

अर्क काढायच्या वाटीचं रिकामं वजन आधी घ्या. हसू नका. दरवर्षी एकजण तरी काळ्या डांबरासारखा अर्क भरलेली वाटी घेऊन येतो आणि विचारतो, "मामा, ही वाटी रिकामी किती भरत होती?" म्हणून मी आता वाट्यांच्या बुडाला काचेवर लिहायच्या पेननं वजनंच लिहून ठेवली आहेत. आणि तरी ताजं वजन घ्याच.

अर्कात कुठली द्रव्यं आहेत ते दाखवणाऱ्या रंगाच्या चाचण्या एका दुपारी उरका. मॅग्नेशियमचे तुकडे टाकून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं आणि गुलाबी-लाल आलं तर फ्लेव्होनॉइड. ड्रॅगेनडॉर्फच्या द्रावणानं नारिंगी साका बसला तर अल्कलॉइडचा संशय. फेरिक क्लोराइडनं हिरवट किंवा निळा-काळा रंग आला तर फिनॉल-टॅनिन. पानातलं हरितद्रव्य आधीच सगळं हिरवं करून ठेवतं, त्यामुळं फिका गुलाबी दिसतच नाही. आधी पेट्रोलियम ईथरनं धुऊन घेतलं तर बरं. आणि शेजारी नुसत्या द्रावकाची परखनळी ठेवा. या चाचण्यांवर प्रबंधाची वीस पानं भरणारी पोरं असतात. दोन पानांच्या वर त्यात काही नाही. त्यापेक्षा टीएलसीची, म्हणजे अर्कातली द्रव्यं पातळ थरावर वेगळी करणारी, प्लेट नीट काढा, क्वेर्सेटिन हे ओळखीचं फ्लेव्होनॉइड शेजारी चढवा आणि ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षीचा पाला तोच आहे का, हे त्या फोटोवरनं कळतं.

डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंटची चाचणी सगळेच करतात. डीपीपीएचचं जांभळं द्रावण अर्कानं पिवळं होतं, ५१७ नॅनोमीटरला शोषण घटतं. अंधारात अर्धा तास ठेवायचं, शेजारी तुलनेला ॲस्कॉर्बिक आम्ल (सी जीवनसत्त्व). इथं फसगत अशी की अर्काला स्वतःचा रंग असतो. डीपीपीएच न घालता, तेवढाच अर्क तेवढ्याच मिथेनॉलमध्ये घेऊन त्याचं शोषण आधी वजा करा. ते न केल्यानं एकाचा आकडा अर्क वाढवला की घसरत होता. त्याला वाटलं काहीतरी नवंच सापडलं.

खरी गंमत जिवाणूंच्या प्लेटवर. एका सकाळी मी इन्क्युबेटर उघडायच्या आत एक पोरगं प्लेट घेऊन धावत आलं. "मामा, नाद खुळा झोन आलाय!" स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा पांढुरका थर, मधल्या अर्काच्या खळग्याभोवती जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल, म्हणजे झोन, १३ मिमी. खरंच देखणा होता. मी विचारलं, "डीएमएसओचा खळगा कुठाय?" डीएमएसओ म्हणजे अर्क ज्यात विरघळवतात तो द्रावक. त्याचा खळगा दुसऱ्या प्लेटवर होता, पोरानं बघितलाच नव्हता. आम्ही दोघांनी खिडकीपाशी पट्टी लावून मोजलं, ११ मिमी. पाल्याचा एक थेंबही नसलेल्या खळग्याला ११. पोरानं अर्क चक्क शुद्ध डीएमएसओत विरघळवला होता, आणि जिवाणू बहुतेक त्यानंच मरत होते. आठ दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं.

म्हणून अर्क थोड्या डीएमएसओत विरघळवून मग पातळ करा आणि पातळ करताना गढूळ होतोय का बघा. गढूळ झाला म्हणजे साका बसला, मग तुम्ही लिहिलेली मात्रा खोटी. म्युलर-हिंटन अगर (जिवाणू वाढवायचं माध्यम) ४ मिमी जाड ओता, जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफारलंड या गढूळपणाच्या मापाला जुळवा. तेवढ्या गढूळपणात मिलिला साधारण १.५ कोटी नव्हे, १५ कोटी जिवाणू असतात, शून्यं मोजताना चुकू नका. प्रत्येक प्लेटवर, दुसऱ्या प्लेटवर नव्हे, एक खळगा नुसत्या द्रावकाचा आणि एक प्रमाणित प्रतिजैविकाचा. आणि झोन मोठा म्हणजे औषध जोरदार असं नसतं. मोठे रेणू अगरमधून सरकतच नाहीत, त्यांचा झोन लहान येतो. पक्कं बोलायचं असेल तर ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये निम्मं-निम्मं पातळ करत जिवाणू थांबवणारी किमान मात्रा काढा. रेझाझुरिन हा निळा रंग घातला की निळं राहिलं तिथं जिवाणू मेले किंवा थांबले, गुलाबी झालं तिथं ते जिवंत आहेत. काम झालं की प्लेटा आधी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात), १२१ अंश, १५ पौंड दाब. सिंकमध्ये ठेवून जायचं नाही. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण तो सिंक माझा आहे.

आता जेल. १०० ग्रॅमसाठी कार्बोपॉल ९४० (जेल घट्ट करणारी पूड) साधारण १ ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉल ५ ते १०, मिथाइल पॅराबेन ०.१८, प्रोपाइल पॅराबेन ०.०२ (दोन्ही पॅराबेन जेल खराब होऊ नये म्हणून), अर्क २ ग्रॅम, बाकी पाणी. कार्बोपॉल एकदम ओतू नका. पिठलं करताना बेसन पेरतात तसं ढवळत ढवळत पेरायचं, नाहीतर बाहेरून चिकट आणि आत कोरड्या अशा गाठी होतात आणि त्या दुसऱ्या दिवशीही सुटत नाहीत. रात्रभर फुगू द्या. मग आम्लता मोडणारं ट्रायइथेनॉलअमाइन थेंबाथेंबानं. दुधी पाणी बघता बघता आरपार दिसणारं घट्ट जेल होतं. कितीही वेळा बघितलं तरी मी हातातलं काम सोडून तिथं उभा राहतो.

आणि मग अर्क घातला की कधीकधी त्या घट्ट जेलचं ताक होतं. पोरं घाबरून आणखी कार्बोपॉल घालतात. कारण साधं आहे. पाल्यात क्षार असतात आणि क्षार जेलमध्ये मिसळले की कार्बोपॉलच्या साखळ्या आखडतात. तुमच्या राखेचा आकडा इथं कामाला येतो. पाण्यातला अर्क जास्त त्रास देतो, इथेनॉलचा कमी. अर्काची मात्रा कमी करा किंवा एचपीएमसी या जेल करणाऱ्या दुसऱ्या पुडीकडं वळा, त्याला थोड्या क्षारांचं एवढं वावडं नाही.

पण त्याच्याही आधी, पहिला बीकर रिकाम्या जेलचा. सगळं तेच, फक्त अर्क नाही. दोन्हींचं सामू, घट्टपणा, पसरण्याची परीक्षा बरोबरीनं घ्या. सामूसाठी १ ग्रॅम जेल १०० मिलि पाण्यात दोन तास ठेवून मोजायचं, साडेपाच ते साडेसहाच्या मधे आलं तर कातडीला बरं. यूव्ही यंत्रावर (प्रकाश किती शोषला ते मोजून) अर्काचं प्रमाण काढताना ब्लँक, म्हणजे तुलनेचा शून्य, म्हणून पाणी ठेवू नका, रिकाम्या जेलचं द्रावण ठेवा. पॅराबेनही २५६ नॅनोमीटरच्या आसपास चांगलंच शोषतं आणि तुमच्या पाल्यात नसलेलं औषध दाखवतं. जेलमधून पटलापलीकडं किती अर्क उतरतो ते मोजणाऱ्या फ्रान्झ सेलमध्ये पटलाजवळ ३२ अंश धरा आणि जेवढं द्रावण नमुन्याला काढाल तेवढंच ताजं परत भरा.

जेल किती टिकतं हे बघायला ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये सहा महिने. रिकामं जेलही त्याच कप्प्यात. हिरवं जेल तपकिरी पडणारच, हरितद्रव्य टिकत नाही. रिकामंही पिवळं पडलं तर दोष पाल्याचा नाही. लाईट गेली की चेंबरच्या वहीत वेळ लिहा. एकदा गणपतीच्या सुट्टीत चेंबर दीड दिवस बंद होतं आणि कुणाच्या वहीत ते नव्हतं. मी सांगितलं तेव्हा सगळे माझ्यावरच चिडले.

प्राण्यांवरचं काम संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी हातात आल्यावरच, त्याच्या आधी एक उंदीरही नाही. आणि स्वतःच्या किंवा रूममेटच्या जखमेवर लावून बघायचं नाही, हेही सांगावं लागतं. जखमेच्या प्रयोगात गट चार हवेत. एक काहीच न लावलेला, एक रिकाम्या जेलचा, एक अर्काच्या जेलचा आणि एक बाजारातल्या प्रमाणित मलमाचा. रिकाम्या जेलनंही जखम ओलसर राहते आणि ओलसर जखम बरी भरते, म्हणून अर्काची तुलना त्याच्याशीच करा. काहीच न लावलेल्याशी तुलना केली तर जेलचं श्रेयही पाल्याला जातं.

जखमेचा आकार पारदर्शक कागदावर उतरवून आलेखाच्या कागदावर चौकोन मोजतात. जखमेची कड नेमकी कुठं, हे ठरवताना मन आपल्याला हवं तिकडं ओढतं. जेल हिरवं असल्यानं लावणाऱ्याला सगळं माहीतच असतं. म्हणून मोजणारा माणूस वेगळा ठेवा आणि त्याला फक्त कागद द्या, वर अ, ब, क, ड. कुठलं अक्षर कुणाचं ती चिठ्ठी माझ्या कपाटात असते. गेल्या वर्षी एक पोरगी तीनदा आली. "मामा, सांगा की ओ, ब म्हणजे कुठला गट? कुणाला नाही सांगत." मी किल्ली खिशात ठेवून चहाला गेलो. शेवटचा आकडा वहीत चढला, गाईडची सही झाली, मग चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. ब म्हणजे रिकामं जेल होतं. तिनं ते दोनदा वाचलं, स्टूल ओढून बसली आणि कॅल्क्युलेटर मागितला.