सॅं-मालोला नांगर टाकताना

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर यॉट घेऊन जाणार असाल तर मुंबईच्या उधाणाचा अंदाज घरीच ठेवा. आपल्याकडे पाच मीटर म्हणजे मोठं उधाण. तिथल्या सॅं-मालो बंदरात मोठ्या उधाणाला पाणी बारा मीटर चढतं-उतरतं.

फ्रेंच भरतीच्या तक्त्यात रोजच्या भरतीपुढे २० ते १२० मधला एक आकडा असतो. ९५ च्या वर म्हणजे उधाण, ४५ च्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. नवखे असाल तर सुट्टी सरळ भांगाच्या आठवड्यातच घ्या.

नांगर टाकताना खोलीमापकावर ११ मीटर दिसले म्हणून खूश होऊ नका. भरती पूर्ण असेल आणि ओहोटीला ९ मीटर उतरणार असेल, तर उरतात २. तुमचा कील (यॉटच्या तळाचा कणा) पाण्यात १.८ मीटर खोल, म्हणजे खाली जेमतेम वीतभर पाणी! तेवढ्यात एखादी लाट आली की कील आपटलाच. ओहोटीला आलात तर हिशेब उलटा: साखळी सोडायची ती भरतीच्या खोलीच्या निदान चौपट.

पाणी एकसारखं उतरत नाही. ढोबळ मानाने सहा तासांत बाराव्या हिश्श्यांनी १, २, ३, ३, २, १ असं जातं. बारा मीटरच्या दिवशी मधल्या दोन तासांत सहा मीटर गायब. सॅं-मालोला भरती मात्र ओहोटीपेक्षा लवकर उरकते, म्हणून तिथला स्थानिक आलेखच बघा.

आणि हो, उन्हाळ्यात तिथे घड्याळं एक तास पुढे करतात; तक्त्यातल्या वेळेत तो जादा तास धरलाय का, हे आधी तपासा. फ्रेंच तक्त्यांत बऱ्याचदा धरलेला नसतो.