रिकॉम्बिनंट एमबीएल चिकटत नाहीये? आधी बफर बघा

रिकॉम्बिनंट, म्हणजे लॅबमध्ये पेशींकडून बनवून घेतलेलं, ह्यूमन एमबीएल (मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन) वापरताय आणि एलायझात, म्हणजे प्रोटीन चिकटलं की रंगाने कळणाऱ्या प्लेट टेस्टमध्ये, सिग्नलच येत नाहीये, तर लगेच माल खराब आला म्हणून सप्लायरला मेल टाकू नका. हे प्रोटीन यीस्ट नि बॅक्टेरियाच्या पृष्ठभागावरच्या मॅनोजसारख्या शुगर पकडतं, पण त्यासाठी त्याला कॅल्शियम लागतंच, आणि आपण सवयीने सगळं पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेला मिठाचा बफर) करतो ज्यात एकतर कॅल्शियम नसतं आणि वरून घातलं तर फॉस्फेटबरोबर साका होऊन तळाला बसतं. त्यापेक्षा ट्रिस बफर घ्या, त्यात ५ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७.४ च्या आसपास. आणि हो, वॉश बफरमध्येही कॅल्शियम हवं, हे तर हमखास राहतं!

ईडीटीए हे केमिकल कॅल्शियम ओढून घेतं म्हणून ते कुठूनही येऊ देऊ नका, फक्त कंट्रोलला मुद्दाम वापरा: प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) १० मिलीमोलर ईडीटीए, दुसऱ्यात भरपूर मॅनोज, दोन्हीकडे सिग्नल कमी झाला तर बाइंडिंग खरं. तिसऱ्या वेलमध्ये गॅलॅक्टोज टाकून बघा, त्याने फारसा फरक पडायला नको.

कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रोटीनांची साखळी) अ‍ॅक्टिव्हेशन बघायचं असेल तर नुसता शुगर पकडणारा तुकडा घेऊन उपयोग नाही, ही साखळी सुरू करणारी मास्प एन्झाइम एमबीएलच्या कोलॅजनसारख्या भागाला चिकटतात, त्यामुळे फुल लेंग्थ, मॅमेलियन सेलमध्ये बनवलेलं घ्या, महाग पडतं पण इलाज नाही. पावडरची व्हायल उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये स्पिन करा, व्हॉर्टेक्सवर जोरात हलवू नका, छोटे अ‍ॅलिकॉट (एकेका वापरापुरते वाटे) करून ठेवा.